योजनेत बसतं का?

१ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक कुटुंबाला, रेशनकार्ड पिवळं असो, केशरी असो की पांढरं, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळालं. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत यांची सांगड घालून सरकारने हा निर्णय अमलात आणला. तेव्हापासून मोंढ्यातल्या आडतीवर, लग्नाच्या मांडवात, वाळूजला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी एकच वाद ऐकतो आहे. एक म्हणतो, बंगलेवाल्याच्या बायपासचे पैसे आपल्या करातून कशाला? दुसरा म्हणतो, सगळं फुकट वाटून राज्य बुडवायचं ठरवलंय. तिसऱ्याचं म्हणणं असं, की कार्ड सगळ्यांना मिळालं, आता सरकारी दवाखाने हवेत कशाला, देऊन टाका चालवायला. तिघेही तावातावाने बोलतात आणि तिघांच्याही बोलण्यात आजारी माणूस कुठेच नसतो.

माझं मत आधीच सांगतो. योजना सगळ्यांना दिली हे योग्य झालं आणि त्यातून कोणालाही पुन्हा वगळू देता कामा नये. पण कार्ड पैसे देतं ते माणूस मोठ्या दवाखान्याच्या खाटेवर पडल्यानंतर. मराठवाड्यातली कुटुंबं मोडतात ती त्या खाटेच्या अलीकडे आणि पलीकडे. कोणाला द्यायचं यावर आपण घसे कोरडे करतो. काय द्यायचं आणि गावापासून किती कोसांवर द्यायचं, यावर कोणी ब्र काढत नाही. हे दोन्ही मी घरात पाहिलं आहे, म्हणून लिहितो.

२०१९ च्या कार्तिकात रात्री अकराला वडिलांच्या छातीत कळ आली. आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, गोदाकाठचं. शेजाऱ्याच्या क्रूझरमध्ये घालून दीड-दोन तासांवरच्या शहरात नेलं. रुग्णालय खासगी होतं, योजनेच्या यादीतलं. काउंटरवर भावाने विचारलं, “योजनेत बसतं का?” योजनेचं काम पाहायला तिथे बसलेल्या आरोग्यमित्राने उलट विचारलं, “कार्ड कोणतं?” कार्ड पांढरं, कारण मी कंपनीत लागलो होतो आणि घरातून माझं नाव कमी झालेलं नव्हतं. तेव्हा पांढरं कार्ड योजनेत बसत नसे. अपवाद होता तो शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या १४ जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचा. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात होते. म्हणजे आम्ही बसत होतो, फक्त सातबारा दाखवायचा होता. सातबारा आजोबांच्या नावावर. आजोबांना जाऊन नऊ वर्षं झालेली, वारसाचा फेरफार झालेला नाही. “दादा, मलाही कळतंय, पण सिस्टीम घेत नाही,” असं तो पोरगा म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच लाज होती. डॉक्टरांनी उपचार थांबवले नाहीत, हे सांगितलंच पाहिजे. डिपॉझिटचे चाळीस हजार मात्र भरावे लागले. भावाने आडत्याकडून सोयाबीनवर उचल घेतली. सकाळ होताच तो तलाठ्याचा दाखला आणायला परत गावाकडे पळाला, ज्या वेळी त्याने वडिलांच्या उशाशी असायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी कागद जुळले आणि अँजिओप्लास्टी योजनेतून झाली. वडील आजही रानात जातात. त्यांच्या छातीतली स्टेंट योजनेची आहे, म्हणून ‘या सगळ्या निवडणुकीच्या घोषणा’ असं कोणी म्हटलं की मला ते सोसत नाही.

पण त्या तीन दिवसांकडे नीट पाहा. आम्ही गरीब ठरत होतो की नाही, हे तपासण्यात ते गेले. तिरंगी रेशनकार्डांची पद्धत १९९९ ची. केशरी कार्डाची कमाल मर्यादा वर्षाला १ लाख रुपये, म्हणजे महिन्याला साडेआठ हजारही नाहीत. एवढ्या पैशांत ज्याचं घर चालतं त्याच्याहून रुपयाने वर असलेला माणूस कागदावर सधन. शिवाय ही तपासणी व्हायची कधी? मध्यरात्री, माणूस घामाने डबडबलेला असताना. ज्याच्याकडे ओळख आहे त्याला उत्पन्नाचा दाखला कोणत्याही आकड्याचा मिळतो, हे तहसीलच्या आवारात उभं राहिलेल्या कोणालाही विचारा. चाळणी लावली की बंगलेवाला बाहेर राहतो, असं आपण मानतो. प्रत्यक्षात बाहेर राहते ती टपरीवाल्याची विधवा, जिचं कार्ड सासऱ्याच्या नावावर आहे.

श्रीमंतांना कशाला, या प्रश्नात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. तिजोरी काही अथांग नाही, आणि ज्याला परवडतं त्याच्यावर गेलेला रुपया दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचा असतो. पण ज्याला परवडतं तो योजनेच्या जनरल वॉर्डात सहसा येतच नाही. त्याचा विमा आहे, त्याचं पुणं-मुंबई आहे. आणि आला, तर मला आनंदच होईल. जी सेवा फक्त गरिबांसाठी असते तिच्या दारातला दिवा गेला तर तो महिनाभर कोणी बदलत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांचं काय झालं? सरपंचाचा, पुढाऱ्याचा, खुद्द मास्तरचा पोरगा इंग्रजी शाळेत गेला आणि गावच्या शाळेसाठी भांडणारी माणसंच संपली. दवाखान्याच्या बाबतीत ते आपण आधीच करून बसलो आहोत.

सगळ्यांना हक्क दिला की राज्य बुडतं, ही भीतीही नवी नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ती पिढी अजून आमच्या पारावर बसते. सुकडी खाल्लेली, खडी फोडलेली माणसं. त्या दुष्काळातून आणि वि. स. पागे यांच्या चिकाटीतून रोजगार हमीचा कायदा झाला. १९७७ मध्ये तो विधिमंडळात मंजूर झाला, १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू झाला. मागेल त्याला काम. कामावर येणाऱ्याला उत्पन्नाचा दाखला मागितला गेला नाही. शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम दिलं गेलं. त्या वेळीही लोक आळशी होतील, तिजोरी आटेल, असं सांगितलं गेलंच. राज्य बुडालं का? उलट २००५ मध्ये सगळ्या देशाने तसा कायदा केला. रोहयोत गैरव्यवहार झाले, खोटी हजेरीपटं भरली गेली, हे मला ठाऊक आहे. तरी त्या पाझर तलावांच्या कामांवर माझ्या आजीने चार लेकरं जगवली. यावर कोणी म्हणेल, तिथे घाम गाळावा लागायचा, म्हणून गरज नसलेला माणूस आपोआप दूर राहायचा. बरोबर आहे. हौसेने कोणी खडी फोडत नाही. मग हौसेने पोट फाडून कोण घेतं?

इथे मात्र मला थांबून बीडचं बोललं पाहिजे, कारण गरज नसताना पोटं फाडली गेली आहेत. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. सहा जणींमागे एक. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. त्यांना ती हौस होती का? फडावर पाळीच्या दिवसांत खाडा पडला की मुकादम उचलीतून पैसे कापतो, अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात गेलं की कर्करोगाची भीती घातली जाते, आणि जवळ विचारायला दुसरा डॉक्टर नसतो. या बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झाल्या, आणि बायकांनी त्या कर्ज काढून करून घेतल्या. आता कल्पना करा, याच परिस्थितीत पैसे भरायला एक कार्डही आलं. छत्तीसगडात २०१२ मध्ये नेमकं हेच झालं: गरिबांच्या आरोग्य विम्यावर खासगी दवाखान्यांनी अनावश्यक गर्भाशयं काढल्याचं उघड झालं आणि डॉक्टरांवर कारवाई करावी लागली. शस्त्रक्रियेला पैसे आणि सल्ल्याला शून्य, असा हिशेब मांडला की शस्त्रक्रियाच वाढणार. त्या बायकांना पाच लाखांच्या कार्डाआधी फडाजवळ एक डॉक्टरबाई हवी होती, जिला सुरी चालवून काहीच मिळणार नव्हतं.

म्हणून ‘सरकारी दवाखाने देऊन टाका’ म्हणणाऱ्यांशी माझं खरं भांडण आहे. त्यांची बाजू या वादात सगळ्यात भक्कम आहे, हेही कबूल करतो. २०२३ च्या ऑक्टोबरच्या तोंडावर नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं गेली, त्यातली १२ नवजात अर्भकं. हे वाचल्यावर कोणत्या तोंडाने सांगायचं, की लेकरू सरकारीतच न्या? ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञाची जागा रिकामी, सोनोग्राफीचं यंत्र आहे तर चालवणारा नाही, हे मराठवाड्यात कोणाला नवीन आहे? लोक पायांनी मत देतात, आणि ते मत खासगीच्या बाजूचं आहे. माझ्या बापाला वाचवलं तेही खासगीनेच.

तरीही त्या २४ मृत्यूंकडून दोन दिशांनी वाट निघते. नांदेडला माणसं येतात ती हिंगोली-परभणीच्या खेड्यांतून आणि तेलंगणाच्या सीमेपलीकडूनही; आणि पुष्कळ जण येतात ते दुसरीकडचे पैसे संपल्यावर, अगदी शेवटच्या घटकेला. घाटीचं, म्हणजे संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयाचंही तेच: त्या आवारात जालना, बीड, बुलढाणा, नगर, सगळीकडचे लोक सतरंज्या टाकून बसलेले असतात. जिथे सगळ्यांनी सोडून दिलेला माणूस शेवटी येतो, तिथे मृत्यू जास्त होणारच. त्याचा अर्थ ते दार बंद करा असा काढायचा, की त्याच्या अलीकडे चार दारं उघडा असा? २०२० मध्ये कोविड आला तेव्हा योजना काही काळ सगळ्या नागरिकांना खुली केली गेली होती. आरोग्यमंत्री आमच्या शेजारच्या जालन्याचे होते. कागदावर तेव्हाही सगळे बसत होते. पण छोटी खासगी इस्पितळं कुलूप लावून बसली त्या पहिल्या महिन्यांत सरकारी वॉर्डच चालू होते. कार्ड कोणालाही देता येतं; खाट, ऑक्सिजन आणि परिचारिका आधी कुठेतरी असाव्या लागतात.

खासगी डॉक्टरांची तक्रारही खोटी नाही. पॅकेजचे दर अपुरे, बिलं महिनोन्‌महिने अडकतात, म्हणून चांगली रुग्णालयं यादीतून बाहेर पडतात किंवा पेशंटकडून वरचे पैसे घेतात. पण दर कितीही वाढवले तरी हृदयाचा शल्यविशारद पाथरीत किंवा औंढ्यात येणार नाही. तो जिथे खाटा भरतात तिथेच राहणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. बाजार जिथे जात नाही तिथे जाण्यासाठीच सरकार असतं. निजामाच्या राज्यात आमच्या पणज्यांना मोठा दवाखाना म्हणजे हैदराबादचा उस्मानिया. १९५६ मध्ये औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय झालं, १९७४ मध्ये अंबाजोगाईसारख्या तालुक्याच्या गावी स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आलं. गरिबी आजच्याहून जास्त होती, तरी कोणीतरी अंतर कमी करायचं ठरवलं होतं. आता आठही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पाट्या लागल्या. आत शिकवणारे आणि रात्रपाळी करणारे किती, हे विचारायची वेळ आहे.

आता दुसरी गोष्ट, जी सांगायला मला जास्त जड जाते. माझी चुलती, आम्ही तिला मोठी माय म्हणायचो. कार्ड केशरी. तिच्या बाबतीत एकही कागद कमी पडला नाही. ती योजनेत पहिल्या दिवसापासून बसली. २०२२ च्या उन्हाळ्यात तिचे पाय सुजले, श्वास लागायला लागला, आणि शहरात तपासलं तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. डायलिसिस योजनेत होतं, आठवड्यातून दोनदा, एक पैसा न देता. पण यंत्र होतं साठ किलोमीटरवर. पहाटे सहाची एस.टी., परत यायला रात्रीचे आठ. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं ते तिला उपयोगी पडलं, पण सोबत जाणाऱ्या चुलत्याला पूर्ण तिकीट आणि दोन दिवसांचा रोज बुडालेला. रक्त वाढवायचं इंजेक्शन बाहेरून आणायचं. सगळं मिळून महिन्याला सात-आठ हजार जायचे त्या उपचाराला, जो फुकट होता. येताना ती बसमध्ये उलट्या करायची आणि लोकांची माफी मागायची. कापूस वेचणीच्या दिवसांत तिने एक खेप चुकवली, मग दुसरी. “चुलत्याचा रोज बुडतो रे बाबा, मला काय होतंय,” म्हणायची. २०२४ च्या पोळ्याआधी ती गेली. योजनेच्या हिशेबात ती लाभार्थी आहे.

तिच्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं, “यांचा रक्तदाब किती वर्षांपासून वाढलेला आहे?” आम्हाला माहीत नव्हतं. कोणी कधी मोजलाच नव्हता. ती दवाखान्यात जायची ती अंग दुखलं की, आणि इंजेक्शन घेऊन यायची. एकदा आरोग्य केंद्रात मोजला तेव्हा गोळ्या संपलेल्या होत्या. पुढच्या महिन्यात या, नाहीतर ही चिठ्ठी घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत सगळं निःशुल्क झालं, चांगलं झालं. पण फुकट गोळी कपाटात असली तर फुकट. रक्तदाबाची ती गोळी स्वस्तातल्या स्वस्त औषधांपैकी आहे. दहा वर्षं ती रोज मिळाली असती तर यंत्राची, एस.टी.ची, इंजेक्शनची वेळच कदाचित आली नसती. योजनेच्या पेटीतून तिच्या डायलिसिसवर लाखो रुपये निघाले, आणि त्याआधीची गोळी कोणत्याच योजनेत बसत नव्हती.

इंग्लंडमध्ये हाच खेळ उलट्या बाजूने झाला होता. १९११ मध्ये तिथे कामगारांसाठी आरोग्य विम्याचा कायदा आला. त्यात गल्लीतला डॉक्टर मिळायचा, पण इस्पितळ जवळपास नाहीच. आणि मिळायचा तो कमावत्याला, त्याच्या बायकोपोरांना नाही. सदतीस वर्षं त्यावर डागडुजी करून भागत नाही असं दिसल्यावर ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. ती उभी करणारा मंत्री अन्युरिन बेव्हन हा वेल्सच्या ट्रेडेगरचा, खाणीत राबलेला पोरगा. त्याच्या गावात खाणकामगार पगारातून थोडी थोडी वर्गणी काढून सगळ्या कुटुंबासाठी डॉक्टर आणि दवाखाना चालवत. त्याने नुसती कार्डं वाटली नाहीत. देशातली इस्पितळंच सरकारच्या ताब्यात आणली. त्या जुलैत मराठवाडा रझाकारांच्या दहशतीखाली होता, आम्हाला स्वातंत्र्य मिळायला सप्टेंबर उजाडायचा होता. पण आपल्याकडेही शब्द दिला गेला होता. नाशिकात जन्मलेले जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये सांगितलं होतं, की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहता कामा नये. त्यांच्या दूरच्या आराखड्यात दहा ते वीस हजार लोकवस्तीमागे ७५ खाटांचं रुग्णालय होतं. आज मैदानी भागात तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे. इंग्लंड लढाईत पोळलेलं, कर्जात बुडालेलं होतं तेव्हा त्यांनी ते केलं. थायलंड तर श्रीमंतही नव्हता. त्यांनी आधी जिल्ह्याजिल्ह्यांत छोटी रुग्णालयं बांधली, नव्या डॉक्टरांना खेड्यात पाठवलं, आणि मग २००२ मध्ये ३० बाहतमध्ये (बाहत हे तिथलं चलन) कोणालाही उपचार, ही योजना आणली. साध्या तापाची तपासणीही त्यात येते. आपण कार्ड आधी छापलं, आणि दवाखाना राहून गेला.

पैसा कुठून, असं कोणी विचारेल. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेच राज्यांना सांगितलं आहे, की अर्थसंकल्पाचे ८ टक्क्यांहून अधिक आरोग्याला द्या. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही. देशातल्या सगळ्यात मोठ्या अर्थव्यवस्थेच्या राज्याने हे कारण सांगू नये. आणि पैशांनीच सगळं होतं असंही नाही. बीडच्या सीमेला लागून जामखेड आहे. तिथे १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य आलं आणि त्यांनी खेड्यातल्या, कित्येक निरक्षर, बायकांना बाळंतपण, लेकरांचं वजन, कुपोषण, अशी कामं शिकवली. जग ते पाहायला आलं. आपल्याकडे २००५ पासून गावोगाव आशाताई आहेत. त्यांच्याकडून आपण सर्वेक्षणाचे फॉर्म भरून घेतो आणि त्यांच्या मानधनासाठी त्यांना आझाद मैदानात बसवतो.

मोठ्या मायच्या वर्षश्राद्धाला चुलतभावाने गावजेवण घातलं नाही. त्या पैशांतून आशाताईंना रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन दिलं. दर गुरुवारी संध्याकाळी, बाया रानातून आल्या की, मारुतीच्या पारावर त्या मोजतात. पहिल्या चार गुरुवारी ४३ बायकांचा मोजला, ११ जणींचा जास्त निघाला. त्यात माझी आईही. आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी अकराही जणींना तपासलं आणि महिन्याभराच्या गोळ्या दिल्या. पुढच्या महिन्याच्या गोळ्यांची मागणी ग्रामसभेच्या ठरावासह तालुक्याला पाठवली आहे. पत्राची पोच माझ्या खिशात आहे, आणि सोमवारी मी रजा टाकून तिथे विचारायला जाणार आहे.